व्यसनमुक्ती: देवाच्या आधाराने की देवाविना?

ओवी

माझ्या धाकट्या भावाने दारू सोडण्यासाठी नुकतेच रुग्णालयात राहून उपचार घेतले. शरीर सावरले आहे. आता पुन्हा न पिण्याचा, म्हणजे खरा कठीण भाग सुरू झाला आहे. समुपदेशकांनी त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (यापुढे ए.ए. म्हणते), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या, बैठकांना नियमित जाण्यास सांगितले होते, परंतु थोडे दिवस जाऊन त्याने तेथे जाणे सोडून दिले. तो पक्का नास्तिक आहे आणि ए.ए.च्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी सहांमध्ये परमेश्वराचा किंवा आपल्याहून श्रेष्ठ शक्तीचा उल्लेख येतो, हे त्याला पटत नाही. त्याचे म्हणणे असे की, दारूने घालवलेली विचारशक्ती आता कुठे परत येऊ लागली आहे, ती लगेच दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन का करायची?

घरातील वडीलधाऱ्यांचे मत नेमके उलट आहे. देवापुढे शपथ घेतल्याखेरीज हे सुटायचे नाही, असे ते ठामपणे सांगतात आणि भाऊ शपथ घेत नाही याचा अर्थ त्याला सोडायचीच नाही, असा लावतात. या दोन्ही बाजूंच्या मध्ये मी उभी आहे. श्रद्धेवर आधारलेला मार्ग आणि निखळ ऐहिक मार्ग यांच्या परिणामांत खरोखर किती फरक पडतो? नास्तिक माणसाला पहिल्या मार्गाचा काही उपयोग होऊ शकतो का? जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे. देव आहे की नाही, हा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.

पिंपळपान

ओवीताई, शेवटची विनंती पाळली जाईल की नाही याची मला शंका आहे, तरी प्रयत्न करतो.

ए.ए.चा उगम पाहिला तर तुमच्या भावाचा आक्षेप निराधार नाही. 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातील माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकत्र आले. दोघेही दारूने पुरते ग्रासलेले होते आणि दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता. स्वतःचे दोष तपासणे, ते दुसऱ्या माणसाजवळ कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आणि ईश्वराला शरण जाणे हा त्या चळवळीचा गाभा पुढे बारा पायऱ्यांमध्ये उतरला.

मात्र 1939 मध्ये ए.ए.चे मूळ पुस्तक तयार होत असतानाच गटातील अश्रद्ध सदस्यांनी आक्षेप घेतला होता आणि त्यांच्या आग्रहामुळे ‘परमेश्वर’ या उल्लेखाला ‘जसा आम्हाला उमगला तसा’ ही जोड मिळाली. पुढे 1950 मध्ये स्वीकारलेल्या परंपरांपैकी, म्हणजे गट चालवण्याच्या तत्त्वांपैकी, तिसरी परंपरा सांगते की, सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. म्हणजे कागदोपत्री तरी तुमच्या भावाला दार पूर्ण उघडे आहे.

शून्यवादी

दार उघडे आहे, परंतु आत गेल्यावर काय होते तेही पाहावे लागते. त्याच पुस्तकात अज्ञेयवाद्यांसाठी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणाऱ्यांसाठी) एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते मोठ्या समजुतीने सुरू होते आणि अखेरीस वाचकाला ईश्वराकडेच घेऊन जाते. ‘तुला हवा तसा देव मान, पण मान’ ही सवलत नास्तिकासाठी सवलतच नव्हे.

विल्सनला रुग्णालयात असताना प्रखर प्रकाशाचा जो साक्षात्कार झाला, तो डिसेंबर 1934 मधला. त्या वेळी त्याच्यावर बेलाडोना या वनस्पतीच्या औषधाने उपचार चालू होते आणि त्या औषधाने भास होऊ शकतात, हेही लोकांना सांगायला हवे. 1950 च्या दशकात त्याने वैद्यकीय देखरेखीखाली एल.एस.डी. या भास निर्माण करणाऱ्या द्रव्याचेही प्रयोग करून पाहिले. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. माणूस प्रामाणिकपणे शोध घेत होता. परंतु एका माणसाच्या अशा अनुभवावरून साऱ्या जगासाठी उपचारपद्धती बांधली गेली, तर तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला असलाच पाहिजे.

पिंपळपान

शून्यवादी, त्या अनुभवानंतर विल्सन 1971 मध्ये मरण पावला तोपर्यंत दारूला शिवला नाही. कारण काहीही असो, परिणाम तरी खरा होता. दुसरे असे की केवळ साक्षात्कारावर तो तगला नाही. अ‍ॅक्रनला धंद्याच्या कामात अपयश आल्यावर पिण्याची तीव्र ओढ निर्माण झाली, तेव्हा त्याने प्रार्थनेवर विसंबून न राहता दुसऱ्या दारुड्याचा शोध घेतला आणि त्याच्याशी तासन्‌तास बोलला. ए.ए.चा जन्म त्या संभाषणातून झाला. माझ्या मते आजही ए.ए.चे बळ तेथेच आहे.

मेघश्याम

मी पूर्वी पिणारा आणि श्रद्धावान माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ए.ए.मध्ये गेलो नाही. माझ्या धर्मातील ज्येष्ठांसमोर व्रत घेतले आणि सोडली. या मार्गाची थट्टा करणे सोपे आहे, परंतु तो आतून कसा चालतो हे मी सांगू शकतो.

मी स्वतःच्या हिमतीवर सोडायचा प्रयत्न करीत होतो तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या डोक्यात खटला उभा राहायचा. आज थोडी घेतली तर काय बिघडेल, इतके दिवस राहिलो तर बक्षीस नको का, उद्यापासून पुन्हा बंद, असे सगळे वकील माझ्याच डोक्यात आणि न्यायाधीशही मीच. निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे ठरलेलेच असे. व्रत घेतल्यावर तो खटला बंद झाला, कारण निर्णय माझ्या हातात राहिलाच नव्हता. शिवाय संध्याकाळचा जो वेळ पिण्यात जाई, त्या वेळेला प्रार्थना आली आणि ज्या मित्रमंडळींत मी पीत असे, त्यांच्या जागी दुसरी माणसे आली. मला ‘मी न पिणारा माणूस आहे’ अशी ओळख मिळाली. ही ओळख मला कोणत्याही तर्काने मिळाली नसती.

तर्कट

मेघश्याम, तुमचे अभिनंदन आणि लेखनाबद्दल आभार. परंतु तुमच्याच वर्णनातून देव वगळला तर काय उरते ते पाहा. निर्णय एकदाच घेऊन तो पुन्हा चर्चेला न ठेवणे, धोक्याच्या वेळेला दुसरे काम योजणे, पिणारी संगत बदलणे आणि नवी ओळख स्वीकारणे. कोणताही वर्तनोपचारतज्ज्ञ तुम्हाला नेमके हेच सांगेल. ऐहिक गटांत तर नियमाने एकत्र येणे, मन मोकळे करणे, वर्षपूर्ती साजरी करणे हे सगळे जसेच्या तसे असते. फक्त देव रजेवर असतो.

शून्यवादी

रजेवर नव्हे, तेथे त्याची नेमणूकच झालेली नाही.

मेघश्याम

तर्कट, वगळून पाहणे कागदावर जमते. मला मात्र तो वगळून यांपैकी काहीच जमले नव्हते.

कुंपणावरचा

व्रताबद्दल एक धोक्याची सूचना करावीशी वाटते, कारण ओवीताईंच्या घरी शपथेचा आग्रह चालला आहे. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या प्रक्रियेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की, ज्याने ‘कधीच नाही’ असे ठरवले आहे त्याच्याकडून एखादा घोट घेतला गेला की, त्या घोटापेक्षा त्यानंतरचा विचार अधिक नुकसान करतो. ‘मी मोडलेच, मी नालायकच आहे, आता काय उरले’ या विचाराने एका पेल्याची बाटली होते आणि एका रात्रीचा महिना होतो. शपथ जितकी कडक, तितके हे कोसळणे मोठे. त्यातही शपथ दुसऱ्यांनी घ्यायला लावलेली असेल, तर माणूस घसरल्याचे लपवतो आणि मदत मागण्याची वेळ निघून जाते.

आमच्या नात्यातील एका गृहस्थांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले. शपथ मोडल्यावर त्यांना दारूपेक्षा देवाच्या कोपाची भीती अधिक वाटू लागली आणि त्या भीतीवर त्यांच्यापाशी उपाय एकच होता.

मेघश्याम

हा आक्षेप मला मान्य आहे, तरीही अपुरा वाटतो. जगातील जवळजवळ प्रत्येक धर्माने व्रतासोबत प्रायश्चित्ताचीही सोय केलेली आहे. माणूस मोडणार हे धर्माला ठाऊक असते. केवळ शिक्षा करणारा देव ज्याला शिकवला गेला, त्याचे तुम्ही म्हणता तसे होईल. क्षमा करणारा देव ज्याच्यापाशी आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभा राहतो. मीही मध्यंतरी घसरलो होतो. ज्यांच्यासमोर व्रत घेतले होते त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला रागावण्याऐवजी पुन्हा सुरुवात करून दिली.

सुमेधा

मेघश्याम यांच्या या मुद्द्याला संशोधनाचा आधार आहे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी संकटात माणसे धर्माचा वापर कसा करतात याचा अभ्यास करताना दोन प्रकार वेगळे केले. ‘देव माझ्या सोबत आहे’ असे मानून सावरणारी माणसे एकीकडे आणि ‘देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकले आहे’ असे मानणारी दुसरीकडे. दुसऱ्या प्रकारच्या श्रद्धेचा संबंध अधिक नैराश्याशी आणि बिघडत्या प्रकृतीशी आढळतो. म्हणून श्रद्धा उपयोगी की निरुपयोगी असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजी, ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहावे लागते.

आता ओवीताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण त्याला बऱ्यापैकी थेट उत्तर उपलब्ध आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात 1,726 जणांना तीन उपचारपद्धतींमध्ये यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने विभागले होते. एक बारा पायऱ्यांकडे नेणारी, दुसरी बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार आणि सवयी बदलण्याची) आणि तिसरी माणसाची स्वतःची प्रेरणा जागवणारी. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्हींचे परिणाम साधारण सारखे निघाले. याच अभ्यासातील नास्तिक आणि अज्ञेयवादी सहभागींचा पुढे स्वतंत्रपणे विचार झाला. ही माणसे ए.ए.कडे कमी वळत आणि लवकर सोडत. परंतु जी टिकून राहिली त्यांना श्रद्धावानांच्या तुलनेत कमी लाभ झाला, असे दिसले नाही.

2020 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 27 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत मिळून 10,565 सहभागी होते. ठरावीक पद्धतीने ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभर पूर्ण अलिप्त राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 42 टक्के होते, तर इतर उपचारांनंतर ते सुमारे 35 टक्के होते. हे यश कशामुळे मिळते, याचा शोध घेणाऱ्या जॉन केली प्रभृतींना असे आढळले की, बदललेली संगत आणि कठीण प्रसंगी आपण न पिता राहू हा आत्मविश्वास, या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. आध्यात्मिक बदलाचा वाटाही दिसतो, परंतु तो मुख्यतः ज्यांचे व्यसन अधिक तीव्र होते त्यांच्यात.

तर्कट

सुमेधाताई, माहिती उत्तम आहे, परंतु दोन गोष्टी जोडतो. 42 आणि 35 यांतील फरक ‘पूर्ण अलिप्तता’ या एकाच मोजपट्टीवरचा आहे. किती दिवस प्यायले, किती प्यायले, दारूमुळे आयुष्याचे किती नुकसान झाले या मोजपट्ट्यांवर ए.ए. इतर उपचारांच्या बरोबरीने उतरते, पुढे जात नाही. ज्या पद्धतीचे ध्येयच पूर्ण अलिप्तता आहे, ती त्या मोजपट्टीवर पुढे असणे स्वाभाविक आहे. दुसरे असे की, ‘टिकून राहिलेल्या नास्तिकांना सारखाच लाभ होतो’ या वाक्यातील ‘टिकून राहिलेल्या’ हे शब्द फार भार वाहत आहेत. टिकत नाहीत, हीच तर अडचण आहे.

सुमेधा

दोन्ही मुद्दे योग्य आहेत. म्हणूनच न टिकणाऱ्यांना पर्याय देणे आवश्यक ठरते. बारा पायऱ्यांचे गट आणि ऐहिक गट यांची थेट तुलना करणारा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गट कोणताही असो, जो त्यात मनापासून गुंतला त्याला सारखाच लाभ झालेला त्यात दिसतो.

शून्यवादी

पर्यायांबद्दल लिहितो. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1975 मध्ये ‘विमेन फॉर सोब्रायटी’ हा स्त्रियांचा गट सुरू केला. त्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. ए.ए.चा कार्यक्रम पुरुषांनी, अहंकाराने फुगलेल्या माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी तयार केला. ज्या स्त्रीला आयुष्यभर ‘तू कोणीच नाहीस’ असे ऐकवले गेले, तिला ‘आपण हतबल आहोत हे मान्य कर’ असे सांगून काय साधणार? तिला आधी स्वतःची किंमत कळायला हवी. पुढे 1985 च्या सुमारास जेम्स ख्रिस्तोफर यांनी दारूमुक्तीसाठी खास ऐहिक संघटना उभारली.

आज सर्वांत पसरलेला ऐहिक पर्याय म्हणजे 1994 मध्ये सुरू झालेला ‘स्मार्ट रिकव्हरी’. त्याची बांधणी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर आणि बोधात्मक वर्तनोपचारावर झाली आहे. तेथे स्वतःला आयुष्यभर ‘दारुड्या’ म्हणवून घ्यावे लागत नाही. प्रेरणा टिकवणे, तलफ हाताळणे, विचार-भावना-वर्तन सांभाळणे आणि संतुलित जीवन जगणे या चार गोष्टींवर काम होते. पिण्याचे आणि न पिण्याचे फायदे-तोटे लिहून काढायला लावतात. प्यायचे फायदेही प्रामाणिकपणे लिहायचे असतात, हे मला विशेष आवडते. बैठका ऑनलाइनही होतात.

वाटसरू

मी ए.ए.चा जुना सदस्य आहे आणि नास्तिकही आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वर कोणी तरी आमच्यासारख्यांची दखल घेतली याचे बरे वाटले.

हतबलतेबद्दल बराच गैरसमज आहे. पहिली पायरी माझ्या संपूर्ण आयुष्याबद्दल बोलत नाही, दारूबद्दल बोलते. पहिला घोट घेतल्यानंतर किती घ्यायची यावर माझे नियंत्रण राहत नाही, हे वर्षानुवर्षांच्या पुराव्याने सिद्ध झालेले होते. त्याला मान्यता देण्यासाठी मला देवाची गरज पडली नाही. उच्चशक्ती म्हणून मी गटालाच मानले. त्या खोलीतील माणसे सोबर, म्हणजे दारूमुक्त, होती आणि मी नव्हतो, तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा काहीतरी अधिक ठाऊक होते, इतका विनय एखादा कट्टर बुद्धिवादीही दाखवू शकतो. प्रार्थनेच्या वेळी मी गप्प उभा राहतो. माझ्या स्पॉन्सरनी, म्हणजे मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सदस्यांनी, मला आयुष्यात एकदाही देवाबद्दल विचारले नाही. ‘आज फोन का केला नाहीस’ असे मात्र अनेकदा विचारले.

तरी सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. सगळे गट सारखे नसतात. काही ठिकाणी ‘अजून प्यायची हौस फिटली नसेल, म्हणून देव पटत नाही’ असे नव्या माणसाला ऐकवले जाते आणि तो परत येत नाही. शिकागोमध्ये 1975 पासून अज्ञेयवाद्यांचे वेगळे ए.ए. गट भरू लागले. टोरांटोमध्ये मात्र 2011 मध्ये अशा गटांना शहराच्या अधिकृत यादीतून वगळले गेले, कारण त्यांनी पायऱ्यांतून देव काढला होता. प्रकरण मानवाधिकार न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि काही वर्षांनी त्यांना पुन्हा यादीत घेतले गेले. आमच्या चळवळीला हे शोभले नाही, असे मी आजही म्हणतो. ओवीताई, तुमच्या भावाला सांगा की एक गट पटला नाही म्हणून ए.ए.च नाकारू नये. निराळ्या वेळचे, निराळ्या माणसांचे गट पाहावेत.

कुंपणावरचा

सक्तीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत कैद्यांना आणि पॅरोलवर सुटलेल्यांना ए.ए.त जाण्याची सक्ती होत असे. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने आणि त्याच वर्षी एका संघीय अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, ऐहिक पर्याय न देता केलेली अशी सक्ती राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात आहे. 2007 मधील प्रकरण तर एका बौद्ध माणसाचे होते. त्याने धार्मिक कारणानेच नकार दिला होता आणि त्यासाठी त्याला पुन्हा तुरुंगात पाठवले गेले होते. न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली. म्हणजे अडचण नास्तिकांचीच असते असे नाही, दुसऱ्या श्रद्धेच्या माणसालाही ती येते.

औदुंबर

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. देव विरुद्ध तर्क या चर्चेत एक गोष्ट मागे पडू नये, म्हणून लिहितो. हे ओवीताईंच्या भावासाठी नाही, त्याचा तो टप्पा पार पडला आहे. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी आहे.

दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणावर पिणाऱ्या माणसाने व्रत घेऊन अथवा निश्चय करून एका रात्रीत दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. विड्रॉवलमध्ये (पदार्थ बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासात), ज्याला व्यसनमुक्तीच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात, त्यात येणारे झटके साधारणपणे शेवटच्या पेयानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येतात. भ्रम, तीव्र थरकाप आणि ताप यांसह येणारी गंभीर अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसते. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांच्या व्यसनातही अचानक बंद करणे असेच धोकादायक असते. अफूजन्य पदार्थांचे विड्रॉवल स्वतः सहसा प्राणघातक नसते, परंतु काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि माणूस पूर्वीचीच मात्रा घेतो, तेव्हा मृत्यू ओढवतो. म्हणून पहिला टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडावा. पुढे देवाला शरण जावे की तर्काला, ते आपापल्या मनाने ठरवावे.

आणखी एक. दारू सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम या औषधावर दारू घेतली तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली जाऊ शकतो. काही कुटुंबे हे औषध रुग्णाच्या नकळत जेवणातून देतात. हे कधीही करू नये. रुग्णाला ठाऊक नसताना तो पितो आणि प्रसंगी जीव गमावतो. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकाम्प्रोसेट ही औषधे वेगळ्या पद्धतीने काम करतात, ओढ आणि पुन्हा पिण्याची शक्यता कमी करतात. त्यांचा विचार फारच थोड्या रुग्णांच्या बाबतीत केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

वाटसरू

डॉक्टर, काही जुनी मंडळी गोळ्या घेणाऱ्याला ‘तू खरा सोबर नाहीस’ म्हणतात, हे मी पाहिले आहे. ए.ए.ची अधिकृत भूमिका मात्र अशी आहे की कोणत्याही सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर बनून औषधांबद्दल सल्ला देऊ नये.

नीलकंठ

चर्चेत एक तिसरी वाट आलेली नाही, ती म्हणजे विपश्यना. सिएटलजवळच्या एका तुरुंगातील कैद्यांना सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांचे शिबिर करू दिले गेले आणि त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. शिबिर केलेल्यांमध्ये सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत दारूचा आणि अमली पदार्थांचा वापर इतर कैद्यांपेक्षा कमी आढळला. अर्थात शिबिर स्वेच्छेने निवडलेले होते, त्यामुळे तो अभ्यास निर्णायक मानता येत नाही. परंतु त्यातूनच मार्लॅट आणि सारा बोवेन प्रभृतींनी सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचा ऐहिक कार्यक्रम बांधला. 286 जणांवरील यादृच्छिक चाचणीत, वर्षअखेरीस त्याचे परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगले दिसले.

तंत्र साधे आहे. तलफ आली की तिच्याशी भांडायचे नाही आणि तिचे ऐकायचेही नाही. ती शरीरात कोठे जाणवते, वाढते कशी, ओसरते कशी, ते पाहत राहायचे. मी सिगारेट सोडताना हे वापरले. दर वेळी जमले नाही, परंतु तलफ ही आज्ञा नसून संवेदना आहे, हे एकदा अनुभवाला आले की तिचा दरारा कमी होतो. आता ही गोष्ट धार्मिक म्हणायची की ऐहिक? बौद्ध भिक्षू एक सांगेल, मानसशास्त्रज्ञ दुसरे सांगेल, आणि बसण्याची रीत दोघांची एकच असेल.

तर्कट

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचे उदाहरणही द्यायला हवे. ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात सुमारे वीस टक्के सैनिकांनी तेथे असताना आपण अमली पदार्थांच्या आहारी गेलो होतो, असे सांगितले. त्यांच्यापैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले केवळ पाच टक्क्यांच्या आसपास होते. बहुसंख्यांना ना देव लागला, ना गट.

सुमेधा

त्यांचा देश, संगत, ताण आणि पदार्थाची उपलब्धता हे सगळे एका विमानप्रवासात बदलले. ज्याला त्याच घरात, त्याच माणसांत आणि त्याच रस्त्यावरून जाऊन सोडायची आहे, त्याला ती सोय नसते. त्याला नवे वातावरण इथेच उभारावे लागते आणि गट ते उभारून देतो.

ओवीताई, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. या धाग्यात आपण सगळे तुमच्या भावाने काय करावे ते ठरवत आहोत, परंतु प्रश्न तुम्ही विचारला आहे आणि कृती करू शकणारी व्यक्तीही सध्या तुम्हीच आहात. कुटुंबीयांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची, रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली पद्धत आहे. तिच्यात उपदेश आणि भांडण टाळून माणूस सोबर असतानाच्या वेळा अधिक सुखद कशा करायच्या, तो पीत असताना कुठे मागे सरायचे आणि मदतीचा विषय कोणत्या क्षणी काढायचा, हे शिकवतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, उपचार नाकारणाऱ्यांपैकी 64 टक्के जणांना या पद्धतीने उपचारांपर्यंत आणता आले. सर्व नातेवाइकांनी एकत्र येऊन रुग्णाला समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते. वडीलधाऱ्यांचा शपथेचा आग्रह मला या दुसऱ्या पद्धतीच्या जवळचा वाटतो.

मेघश्याम

येथे मी सुमेधाताईंशी सहमत आहे. मी स्वतः व्रताने सुटलो, तरी दुसऱ्याकडून जबरदस्तीने व्रत घेववणे मला अधार्मिक वाटते. व्रताचे बळ ते आपण होऊन घेण्यात असते.

ओवी

सर्वांचे मनापासून आभार. राग मुळीच नाही, सुमेधाताई, तुमचा प्रश्न मला लागला आणि पटलाही. हा सगळा धागा मी भावाला वाचायला दिला. वाटसरू यांचा प्रतिसाद त्याने पुन्हा पुन्हा वाचला. तो स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन बैठकीला बसणार आहे. ए.ए.चा दुसरा एखादा गट पाहण्यासही त्याची ना नाही, मात्र ‘तुझी हौस फिटली नसेल’ असे कोणी म्हटले तर उठून येईन, असे बजावून ठेवले आहे. मेघश्याम यांचे शेवटचे वाक्य मी घरातील मोठ्यांना मुद्दाम वाचून दाखवले. श्रद्धावान माणसाने सांगितल्यामुळे त्यांनी ते ऐकून घेतले, माझ्याकडून ऐकले नसते. शपथेचा विषय सध्या बाजूला ठेवायचे त्यांनी मान्य केले आहे. त्यांनी त्यांची प्रार्थना करावी, त्याला भावाचीही हरकत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. दोन्ही प्रकारच्या गटांत एकाच वेळी गेले तर चालते का? आणि नाल्ट्रेक्सोनबद्दल डॉक्टरांकडे विचारणा करताना काही सांगायचे राहू नये, म्हणून कशाची माहिती तयार ठेवावी?

वाटसरू

चालते. अनेक जण दोन्हीकडे जातात. एका ठिकाणचे शब्द दुसऱ्या ठिकाणी वापरून वाद घालू नये, एवढे पथ्य पाळावे. ए.ए.च्या काही बैठका ‘खुल्या’ असतात, त्यांना कुटुंबीयांनाही बसता येते. तुम्ही स्वतः एकदा जाऊन यावे, असे सुचवतो.

औदुंबर

यकृताच्या तपासण्यांचे अलीकडचे अहवाल सोबत न्यावेत आणि तो सध्या घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी करावी, विशेषतः वेदनाशामकांची. नाल्ट्रेक्सोन अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम रोखते आणि अशी औषधे शरीरात असताना ते सुरू केले, तर तीव्र विड्रॉवल सुरू होते. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीनसारखे अफूजन्य घटक असतात, तीही यादीत धरावीत. पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाची कल्पना आधीच द्यावी लागते. ही माहिती असलेले कार्ड त्याने खिशात बाळगावे.